चपलेचा वॉशर

माझे वडील अत्यंत खडूस माणूस होते. आज त्यांचं वर्षश्राद्ध आहे म्हणून मी खोटं लिहिणार नाही.

सकाळपासून सोसायटीच्या ग्रुपवर चाललंय, ‘आप्पा म्हणजे हरहुन्नरी व्यक्तिमत्त्व. घरात कधी प्लंबर नाही, इलेक्ट्रिशियन नाही.’

हो, नव्हता. कारण प्लंबर आप्पा आणि त्यांची हेल्पर मी. फुकट.

कोपरीच्या त्या वन-बीएचकेमध्ये माझं बालपण टॉर्च धरण्यात गेलं. सिंकखाली टॉर्च, मीटरपाशी टॉर्च, फ्लशच्या टाकीत टॉर्च.

“टॉर्च नीट धर!”

“धरलीये आप्पा.”

“माझ्या डोळ्यात धरलीयेस. नळावर धर, बावळट!”

पाना मात्र दादाला. दादाला कंटाळा, पाना धरून जांभया द्यायचा. आज माजिवड्याला टॉवरमध्ये राहतो आणि बल्ब बदलायला ॲपवरून माणूस बोलावतो.

मी पाना मागितला की उत्तर ठरलेलं. “तुझं काम नाही ते.”

पण टॉर्च धरणाऱ्याला सगळं दिसतं. आधी मेन कॉक बंद. मग नळ उघडायचा. आणि वॉशर झिजला तर लगेच फेकायचा नाही, उलटा करून बघायचा. हे मला कोणी शिकवलं नाही. मी बघून चोरलं.

सहा वर्षांपूर्वी आप्पा चार दिवस कल्याणला आत्याकडे गेलेले. मी डोंबिवलीहून आईच्या सोबतीला आलेले.

किचनचा नळ टपटप, टपटप. डोकं उठलं. वॉशर पार फाटलेला, घरात दुसरा नाही, आणि हार्डवेअरचं दुकान नेमकं बंद.

मी माझी जुनी निळी हवाई चप्पल घेतली. जुना वॉशर त्यावर ठेवला, पेनने गोल काढला, कात्रीने कापला आणि बसवला.

एक थेंब नाही! खरं सांगते, दहावीच्या रिझल्टलाही एवढा आनंद झालेला नाही.

आप्पा परत आले. मी वाट बघत बसलेले. त्यांच्या तोंडून एकच शब्द हवा होता. जमलं. बस.

“कोणी हात लावला नळाला?”

“मी. चपलेच्या रबराचा वॉशर केला.”

“चप्पल? पायातली चप्पल? अगं, देवाचं पाणी भरतो आपण ह्या नळाचं! अक्कल गहाण ठेवलीस का?”

माझ्यासमोर पाना घेतला. मी पर्स उचलली आणि तडक स्टेशन गाठलं. दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाले, “दिला फेकून तुझा तो वॉशर. नवीन बसवलाय.”

त्यानंतर त्या घरात मी एका स्क्रूलाही हात लावला नाही. आप्पा गेले तोपर्यंत नाही.

आज सकाळी गुरुजी आले, दादा सोवळं नेसून पाटावर बसला, आणि किचनचा नळ टपकायला लागला.

दादा म्हणाला, “कोणाला तरी बोलावू या का?”

मी पाना घेतला. आईच्या हातात टॉर्च दिली. तिने उजेड थेट माझ्या डोळ्यात मारला.

“आई, टॉर्च नीट धर!”

मीच ओरडले. आई हसायला लागली. मला हसू आलं नाही.

नळ उघडला. आत निळा वॉशर.

माझ्या चपलेचा. कात्रीने कापलेली कड मी कुठेही ओळखेन.

“आई, हा तर फेकलेला ना?”

“छे गं. ह्यांनी तेव्हाच उघडून बघितलं. म्हणाले, कार्टीने बरोब्बर कापलाय. आणि परत तोच बसवला.”

“आणि देवाचं पाणी?”

“मीही तेच विचारलं. म्हणाले, देवाशी मी बघून घेईन.”

“मग तू मला का नाही सांगितलंस?”

“सांगू नकोस म्हणाले. तोंडावर कौतुक केलं की पोरं बिघडतात.”

मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते! आता कसली बिघडणार होते मी?

पाच वर्षं, आप्पा. पाच वर्षं माझ्या चपलेतून आलेल्या पाण्याने देवांना आंघोळ घातलीत. आणि मला फोनवर खोटं सांगितलंत. एक शब्द बोलला असतात तर काय जीभ झडली असती?

वॉशर एका बाजूने झिजलेला. उलटा करून परत बसवला. टपटप बंद. तुमच्या श्राद्धाचं पाणी त्याच नळाचं भरलं.

भावपूर्ण श्रद्धांजली बाकीच्यांनी वाहिलीच आहे. माझी रागावलेली घ्या, आप्पा.

जमलं होतं मला.