उसनी घोंगडी

विलायतेला लागणारा कापूस दुसरीकडून मिळेनासा झाला आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला कधी ऐकला नव्हता असा भाव आला. अमरावतीत व्यापारी दारोदार फिरून जुना कापूसही मागू लागले. त्या वर्षी मी घरातल्या सगळ्या गाद्या उसवल्या आणि आतला कापूस विकून टाकला. यजमान भिक्षुकी करतात, असल्या गोष्टींत ते पडत नाहीत. ठरवलं ते मीच. आम्ही चटईवर सतरंजी टाकून झोपू लागलो. आळीतल्या बहुतेक घरांनी हेच केलं, म्हणून मला त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. पुढे भाव उतरले, पण गाद्या पुन्हा भरायच्या राहूनच गेल्या.

मग आगगाडी सुरू झाली. सासूबाई त्या सुमारास पायरीवरून पडल्या होत्या आणि कंबरेचं हाड जेमतेम जुळलं होतं. फार वेळ बसलं की त्यांचे पाय बधिर होत. अशातच नाशकाहून निरोप आला की त्यांचा धाकटा भाऊ अंथरुणाला खिळला आहे, तोंड पाहायचं तर लवकर निघा. दोघंच भावंडं ती. बैलगाडीतून झोपून जाता आलं असतं, पण तितके दिवस भावाजवळ उरले नव्हते. आगगाडी दुसऱ्या दिवशी पोचवणार होती, मात्र बसून. वरच्या वर्गात साहेब लोक असतात म्हणून सासूबाईंनीच तो नको म्हटला.

सकाळी बडनेऱ्याला तिसऱ्या वर्गाच्या डब्यात चढलो. लाकडी अरुंद बाक. यजमान पलीकडे पुरुषांत बसले. अकोला येईतो सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी दोन्ही हातांनी बाकाची कड धरून ठेवली होती. अशा त्या नाशकापर्यंत टिकणार नाहीत हे मला दिसत होतं.

अकोल्याला बार्शीटाकळीची एक कुणबीण चढली. पन्नाशीची, अंगानं दणकट, काखेत घोंगडी. हमालानं तिची सरकीची दोन पोती आत ढकलली. मलकापूरला बहिणीच्या म्हशीसाठी नेत होती. बसल्या बसल्या तिनं आमच्याकडे पाहिलं.

"बुढी आडवी काहून नाही होत?"

"या बाकावर कोण कोण बसून गेलं असेल," सासूबाई म्हणाल्या. "मी नाही टेकणार पाठ."

"मंग घरून गादी आणाची होती ना."

गाद्यांचं काय झालं ते मी सांगून टाकलं. ती पोट धरून हसली.

"वावर आमचं, कापूस आमचा, आन् अंथरूण रिकामं तुमचं. लय हुशार वो बाई तुमी."

समोरासमोरच्या दोन बाकांमधल्या जागेत तिनं पोती सरकवली, गुडघ्यानं दाबून बाकांच्या उंचीला आणली, शेजारच्या दोघींना उठवलं आणि वर घोंगडी दुहेरी करून टाकली. चांगली ऐसपैस जागा झाली.

"लोकरीची हाय. लोकरीले इटाळ नसते, तुमचेच लोक सांगतेत."

मी लग्न होऊन आले तेव्हा हा नियम मला सासूबाईंनीच शिकवला होता. सोवळ्यात धाबळी चालते ती लोकरीची असते म्हणूनच. आता त्यांना मागे फिरायला वाट नव्हती.

"आई, शेगाव येईपर्यंत विचार करणार का?" मी विचारलं.

"तुझ्या गाद्या जागेवर असत्या तर करावा लागला नसता," त्या म्हणाल्या आणि आडव्या झाल्या. थोड्या वेळानं त्या घोरू लागल्या. पायरीवरून पडल्यापासून मी त्यांचं घोरणं ऐकलं नव्हतं.

मलकापूरला पोती उतरली. कशी जागा करायची ते मी पाहून ठेवलं होतं. आमची पेटी मध्ये ठेवली, वर कपड्यांची बोचकी रचली, शेजारणीनंही आपलं गाठोडं दिलं. मी घोंगडीची घडी घालू लागले तर त्या बाईनं माझा हात धरला.

"राहू द्या ते. मंग अकोल्याले जठारपेठेत माह्या लेकीच्या घरी आणून द्या. तेलाच्या घाण्याच्या बाजूचं घर."

"अहो, आपली ना ओळख ना पाळख."

"माह्या मायचं कंबरडं असंच मोडलं होतं," एवढं बोलून ती उतरून गेली.

नाशकात सासूबाई माझ्या खांद्याला धरून, पण स्वतःच्या पायांनी भावाच्या अंथरुणापाशी गेल्या. तो शुद्धीवर होता. तीन दिवस दोघं बोलत होती, बहुतेक लहानपणच्या भांडणांवरच. चौथ्या दिवशी तो गेला.

येताना अकोल्याला उतरलो नाही, कारण बडनेऱ्यापर्यंत घोंगडी लागणार होती. घरी पोचल्यावर मी आधी पिंजाऱ्याला बोलावलं. नव्या कापसाच्या दोन गाद्या भरून घेतल्या. एक सासूबाईंना दिली. दुसरी आणि उन्हात झटकलेली घोंगडी घेऊन यजमानांबरोबर जठारपेठ गाठली.

लेक दारातच शेणानं सारवत होती. हात धुऊन तिनं घोंगडी घेतली आणि गादीकडे पाहत राहिली.

"हे कायले?"

"तुझ्या आईसाठी. तिला सांग, हा कापूस विकायचा नाही."

"तिनं तं गादीतला कापूस कधी इकलाच नसता," ती म्हणाली आणि गादी उचलून आत घेऊन गेली.