दरेकशाचा मिस्टर कॅहून

निवृत्त झालेल्या बाईने काय करावं, याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. नवऱ्याच्या मते तिने गुडघे सांभाळून घरात बसावं. माझ्या मते गुडघे आहेत तोवर फिरून घ्यावं. या डिसेंबरात माझं मत जिंकलं आणि मी साताऱ्याहून थेट गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकशाला जाऊन आले. "तिथे काय आहे?" असं बारा जणांनी विचारलं. एक इंग्रजी विनोद आहे, असं मी सांगत होते. आता तसं सांगवत नाही.

झालं असं. तीस वर्षं मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि त्यातली बरीचशी वर्षं एकाच लेखकावर काढली. फार गाजलेला इंग्रज, उपहासात्मक कादंबऱ्या लिहिणारा. त्याचं नाव मी या लेखात घेणार नाही, कारण पुढे येईल. तेरा कादंबऱ्या, तीन लग्नं आणि जिभेला अशी धार की मित्र त्याला जेवायला बोलवायला घाबरत. आज पंगतीला बसलेला माणूस पुढच्या कादंबरीत माकड होऊन येई. त्याच्या कानांची फार ख्याती होती. माणूस कसा बोलतो हे याच्याइतकं कुणी ऐकलं नाही, असं समीक्षक लिहीत आणि मी ते फळ्यावर लिहायची.

त्याच्या सर्वांत लोकप्रिय कादंबरीत सात पानांचा एक भारतीय प्रसंग आहे. गाडी रुळावरून घसरते, साहेब एका आडगावच्या स्टेशनावर दोन दिवस अडकतो आणि मिस्टर कॅहून नावाचा एक गावंढळ यजमान त्याला घरी नेतो. या कॅहूनला स्वतःच्या नावाचा इतका अभिमान, की काहीही विचारलं तरी तो नावच सांगतो. गाडी कधी येईल? कॅहून. पाणी उकळलंय का? कॅहून. मी वर्गात भुवया उंचावून, मान वाकडी करून त्याचा आवाज काढत असे. मुलं बाकं बडवायची. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

तर या लेखकाचं नवीन चरित्र मागच्या वर्षी हाती पडलं. कादंबरीतल्या स्टेशनाचं नाव काल्पनिक होतं, पण चरित्रात अर्ध्या वाक्यात खरं नाव निघालं: दरेकसा. म्हणजे आपल्याच महाराष्ट्रात, छत्तीसगडच्या उंबऱ्यावर. मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

पुण्याहून रात्रीच्या गाडीने नागपूर. तिथून गोंदियाला रेल्वेने दोन-अडीच तासांत आणि फार स्वस्तात जाता येतं, तुम्ही तसंच जा. मला रस्ता बघायची हौस, म्हणून मी टॅक्सी केली, चार हजारांना. चालक विनोद हा गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीचा. भंडारा, साकोली करत महामार्ग चांगला आहे. धानाची कापणी आटोपलेली, बांधावर तुरी उभ्या, मधेच जंगल रस्त्यापर्यंत येतं. कोहमाऱ्याच्या चौकातून डावीकडे गोंदियाचा रस्ता फुटतो. तिथे ढाब्यांची रांगच आहे. आम्ही जेवायला थांबलो. शेवभाजी झणझणीत, तंदुरी रोटी गरम, दोघांचे मिळून साडेतीनशे.

मी दुसरा घास घेत होते. ढाब्याचा मालक बाहेरून ओरडला, "अबे विनोद, गाडी बाजूले घे."

विनोदने तोंड न वळवता विचारलं, "काऊन?"

"ट्रक निंगून रायला ना!"

मी हातातला घास खाली ठेवला. "काय म्हणालास आत्ता?"

"काई नाई मॅडम, गाडी बाजूले..."

"नाही, त्याच्या आधी. काऊन म्हणजे?"

"काऊन म्हणजे कायले."

"आणि कायले म्हणजे?"

बाईचं डोकं फिरलंय अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. "कायले म्हणजे... का! का करता, का जाता, त्यातला का."

इंग्रजी स्पेलिंग वाचून मी तीस वर्षं कॅहून म्हणत आले होते. साहेबाने ऐकलेला शब्द होता काऊन. तुझं नाव काय? का? गाडी कधी येईल? का? सातही पानं माझ्या डोळ्यांपुढे उलटी फिरली. तो माणूस अडाणीही नव्हता आणि गर्विष्ठही नव्हता. अनोळखी माणसाला सरळ प्रश्न विचारत होता. ज्याच्या कानांचे मी गोडवे गायले, त्याला यजमानाचं नाव विचारून ते नीट ऐकूही आलं नव्हतं. म्हणून मीही त्याचं नाव घेत नाही. विदर्भातली मुलं माझ्या वर्गात अधूनमधून असायचीच. कुणी बोललं नाही. बोललं असतं तर मी कशी टोपी उडवली असती, हेही मला ठाऊक आहे.

गोंदियात स्टेशनजवळच्या लॉजवर राहिले, हजार रुपयांत स्वच्छ खोली आणि गरम पाणी. गावात सगळा कारभार हिंदीतून. "अकेले घूम रहे हो मॅडम?" असं काउंटरवरच्या बाईने विचारलं आणि माझं वय बघून स्वतःच उत्तर दिलं, "अच्छा है." सकाळी पोहे-जिलेबी खाऊन लोकल पकडली. तिकीट चहाच्या दोन कपांएवढं. आमगाव, सालेकसा आणि मग डोंगर रुळाला खेटायला लागतात. साधारण तासाभराने दरेकसा. पाणी आणि खाणं सोबत घ्या, स्टेशनावर काहीही मिळत नाही. परतीच्या गाडीची वेळ आधी विचारून ठेवा, ती चुकली तर दिवस गेला.

फलाटावर एक बाई लाकडांची मोळी टेकवून बसली होती. पन्नासेक वर्षांपूर्वी इथे एक गोरा साहेब राहून गेला होता, त्याच्याबद्दल कुणाला माहीत आहे का, असं मी चाचरत विचारलं. ती म्हणाली, "पुस्तकवाले बाबाजी पायजेत तुमाले. थ्या चिचेच्या झाडापासी."

मी जागच्या जागी उभी राहिले. माणूस जिवंत आहे, ही शक्यता माझ्या मनातच आली नव्हती. मी एका इंग्रजी विनोदाच्या गावी आले होते.

सुकलाल बाबाजी ऐंशीच्या घरातले. अंगणात धानाची पुंजणी, म्हणजे भाऱ्यांच्या गंजी रचलेल्या, त्यांच्या आडोशाला उन्हात खाट. सून उर्मिलाने पाणी दिलं. मी कोण, कुठली, हे सांगितलं तसे ते ताठ बसले.

"थे पुस्तक तुमी शिकोता?"

"शिकवत होते. तीस वर्षं."

"मंग तुमाले पुरं मालूम असन." त्यांनी सुनेला खूण केली. तिने लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं पुस्तक आणलं. साहेबाने परत गेल्यावर ते पोस्टाने धाडलं होतं. पाकिटावर तेच विचित्र नाव, म्हणून ते स्टेशनमास्तरकडे चार महिने पडून होतं. गावात गोऱ्या साहेबाला ओळखणारे हे एकटेच, म्हणून शेवटी यांना मिळालं.

"मास्तरनं वाचलं, म्हने छान लिवलं. नात पायल नागपूरले शिकते, तिनं वाचलं, तेबी म्हने छान लिवलं. जो वाचते थो छान म्हनते आन् पुस्तक बंद करते. छान असतं त वाचून नसतं दाखवलं? तुमी मास्तरीन आहा. खरं सांगा."

मग मी वाचून दाखवलं. एकेक वाक्य मराठीत करून, न गाळता. काऊनच्या जागी आले तेव्हा माझा आवाज बारीक झाला.  सुकलाल बाबाजींचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. खोकला येईपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"अवो, गाडी पलटली होती! पोलीस, रेल्वेवाले, सारे नाव लिवून नेत. उद्या साक्षीले बलावलं त? म्हून म्या म्हटलं, काऊन? आन् थो बयताड समजला का थेच नाव!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "उर्मिला, आयकलं का वो? आमी त्याले लालमुंड्या म्हनो, थो आमाले काऊन म्हने. हिसाब बराबर!"

मीही हसले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. उर्मिलाने लाखोरीच्या डाळीचे वडे आणले, लसणाच्या चटणीसोबत. मी तिसरा वडा उचलला तेव्हा बाबाजींनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. नाकात नथनी घातलेली, कॅमेऱ्याकडे न बघणारी बाई.

"आन् हिच्याबद्दल?"

"कुणाबद्दल?"

"मायी घरवाली. दोन दिवस हेच वडे करून घातले तिनं साहेबाले. चूल इजू नाई देली. पुस्तक आलं तवापासून मरेपर्यंत मले इचारे, साहेबानं मायाबद्दल का लिवलं? म्या म्हनो, छान लिवलं. मले का मालूम! म्या तिले खोटं बोललो का खरं, थे एकडाव समजू द्या."

मला पान पाठ आहे. कादंबरीत मिस्टर कॅहून एकटा राहतो. घरात बाई नाहीच. एक शेळी आहे, आणि शेळीनेही तोंड न लावलेले कसले तरी गोळे तो पाहुण्याला वाढतो. एकटा माणूस जास्त हास्यास्पद दिसतो, म्हणून साहेबाने बायको काढून टाकली असणार. चांगली युक्ती आहे. मी ती वर्गात समजावून सांगायची.

समोरचा माणूस पाच मिनिटांपूर्वी स्वतःवर पोट धरून हसला होता. त्याला सत्य पेलतं हे मी पाहिलं होतं. तरी माझ्या तोंडून निघालं, "हो. लिहिलंय."

"का लिवलं?"

"असे वडे लंडनच्या कुठल्या हॉटेलात मिळत नाहीत, असं लिहिलंय. आणि करणारी बाई समोर आली नाही, पण घर तिच्यामुळेच उभं होतं, असंही."

 त्यांनी उशाखालून बॉलपेन काढून माझ्या हातात दिलं. "कोनती लाइन थे? निशानी करून द्या."

मी पान उघडलं.  त्या पानावर त्यातल्या त्यात निरुपद्रवी वाक्य एकच होतं: फलाटावरच्या टाकीचा नळ दिवसभर ठिबकत होता. मी त्याच्याखाली रेघ मारली. त्यांनी त्या रेघेवर बोट ठेवलं आणि डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवलं.

उर्मिला स्टेशनापर्यंत पोचवायला आली. पिशवीत पेरू आणि फडक्यात बांधलेले वडे. माझा नंबर तिने नातीसाठी घेतला. "मामाजी आज लय खूश हायेत," ती सासऱ्यांबद्दल म्हणाली. गाडी वेळेवर आली.

साताऱ्याला परतून दीड महिना झाला. ज्यांना जायचंय त्यांनी जरूर जा. डिसेंबर-जानेवारी उत्तम, जंगल हिरवं असतं, माणसं जीव लावतात. सगळा खर्च नऊ हजारांच्या आत बसतो. त्या चरित्राची शेवटची प्रकरणंही मी आता वाचली. म्हातारपणी साहेबाकडे जेवायला कुणी येत नसे. एरवी मी याच्यावर चुरचुरीत काहीतरी लिहिलं असतं. आता वाटतं, त्याने हशा मिळावा म्हणून त्या बाईला काढून टाकलं आणि मला अवघडायला नको म्हणून मी तिला आत घातलं. तिचा नवरा काय विचारतोय, हे दोघांपैकी एकानेही ऐकलं नाही. माझी जीभ तिखट पण खरी, असं मी जन्मभर मिरवलं. ती फक्त तिखट होती. याची मला लाज वाटते.

परवा पायलचा, त्या नातीचा मेसेज आला.

"मॅडम, सुट्टीत घरी आले आहे. तुम्ही खूण केलेली लाइन आजोबांनी माझ्याकडून इंग्रजीत पाठ करून घेतली. घरी कोणी आलं की आजीच्या फोटोकडे पाहून म्हणून दाखवतात. तिचा अर्थ मला कळतो, पण मी त्यांना काही बोलले नाही. मी फक्त ती सातच पानं वाचली आहेत. तुम्हाला पूर्ण पुस्तक माहीत आहे. पुढे कुठेतरी आजीबद्दल एखादी ओळ आहे का? असेल तर मी त्यांना ती शिकवते."

उत्तर माहीत असूनही मी पुस्तक काढलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दुपारभर चाळलं. मग तिला लिहिलं, "नाही."

बाबाजींनी समोर बसून मला हेच विचारलं होतं.