दादाच्या गिटारचा आवाज कमी येत होता

गिटार थेट लॅपटॉपवर रेकॉर्ड करणाऱ्यांनो, आज तुमच्यापैकी कुणीतरी जवळ हवं होतं.

माझा मोठा भाऊ कारंजा गावात लग्नाच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. मागच्या वर्षी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आता बरा आहे, असं तोच सांगतो. आज सकाळी स्वतःची एक धून रेकॉर्ड करायला तो बसला.

पडद्यावर आवाजाची पट्टी जेमतेम हलत होती.

"वायर खराब असन बे. दुसरी लाव," दादा म्हणाला.

मी वायर बदलली. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण फिरवला. गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्यावरचं, म्हणजे इंटरफेसवरचं, बटण लाइनवरून गिटारवर केलं. थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही.

"हा डबा कायले घेतला तुनं?" दादा हसला.

शेवटी गिटार मी मांडीवर घेतली आणि तपासायला म्हणून एक तार छेडली. त्याच वायरीतून पट्टी थेट लालपर्यंत गेली.

दादा पडद्याकडेच बघत होता.

"मंग वायर चांगली हाये," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "धून तुले येते ना? तूच वाजव."

मी वाजवली. रेकॉर्डिंग स्वच्छ झालं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि मान हलवली.

डब्यावरचा गेन, म्हणजे आत येणारा आवाज, वाढवून त्याचंच हळू वाजवणं घेता आलं असतं. खरखर आली असती, येऊ द्यायची. हे मला आता सुचतंय. उद्या त्याला पुन्हा बस म्हणू का? तुम्ही म्हणाला असता?