भर उन्हातला तांबडा दिवा

ती केस आठवली की आजही भर उन्हात डोळे चोळावेसे वाटतात. पोलीस खात्यात उमेदीची सारी वर्षं घालवली, चोर पाहिले, खुनी पाहिले, साधूच्या वेशातले भामटे पाहिले. पण लख्ख उजेडात एक अख्खा माणूस डोळ्यांदेखत नाहीसा होताना मी एकदाच पाहिला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पलूसच्या बाजूला एका ठाण्यात मी नवीनच उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले होते. तेव्हाचा माझा एक फोटो घरात आहे. कडक इस्त्रीचा गणवेश, बगलेत छडी आणि डोळ्यांवर भलामोठा काळा गॉगल. नात विचारते, "आजी, ही कोण गं?" मी सांगते, "होती एक शहाणी. तिची बदली झाली." माझं माहेर वाईच्या पेठेतलं. ऊस मी पाहिलेला तो रसवंतीतल्या चरकात. पण गॉगल होता ना, त्यामुळे जगातलं सगळं कळल्यासारखं दिसायचं.

कारखान्याचा हंगाम ऐन भरात होता. एके दिवशी दुपार कलताना ठाण्यात खबर आली, की गावाबाहेरच्या रस्त्यावर जीपनं एका सायकलवाल्याला मागून उडवलं. आम्ही पोचलो तेव्हा जखमी तिथं नव्हता. जीपवाल्यानं स्वतःच त्याला उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं होतं आणि तिथून तो आपण होऊन ठाण्यात येऊन बसला होता. रस्त्यावर राहिली होती ती सायकल, मागचं चाक पार वाकडं झालेलं, आणि सगळीकडे विखुरलेले वाढे. वाढे म्हणजे ऊस तोडल्यावर उरणारा हिरवा शेंडा. हंगामात तो जनावरांचा चारा. त्या दिवसांत तिकडे कॅरियरवर वाढ्यांचा भारा आडवा बांधल्याशिवाय कुणी शेतातून घरी जात नाही. भारा एवढा मोठा, की मागून पाहिलं तर सायकलवाला त्याच्या आड पुरता झाकतो.

पंचनामा केला. रस्ता सरळ, ऊन लख्ख. धडकेच्या आधी ब्रेक दाबल्याची खूण रस्त्यावर कुठंच नाही. मी गॉगल वर सरकवला. तेवढ्यात नाक्यावरचा चहावाला हळूच जवळ आला.

"बाईसाहेब, ह्यो अपघात न्हाई. दोगं सख्खं चुलतभाऊ हायत. बांधावरनं लय पेटलंय त्यांच्यात."

दवाखान्यात जखमी बेशुद्ध होता. त्याची बायको व्हरांड्यात बसली होती. तिनं फिर्याद दिली ती एका दमात.

"आवं, दिवसाढवळ्या, सरळ रस्त्यावर, आंधळा हाय का त्यो? चार मानसांत म्हनाला हुता, तुला बघतोच म्हणून. आता बघितलाच की!"

माझा तपास तिथंच संपला. दिवसाढवळ्या न दिसणं शक्यच नाही, म्हणजे दिसला होता, म्हणजे मुद्दाम घातली. कलम ३०७, जीवे मारण्याचा प्रयत्न. नोकरीतली पहिली मोठी केस, पेपरात नाव येणार, कात्रण आईला पाठवायचं, इथवर मी मनातल्या मनात जाऊन आले.

चौकशीला समोर बसला तो जीपवाला निवृत्त फौजी होता. सैन्यातही गाड्याच चालवलेल्या. पाठ ताठ, पण डोळे रडून लाल झालेले.

"मॅडम, दिसलाच न्हाई मला."

"मग दिसलं काय?"

"ऊस दिसला. कडंचा ऊस हलल्यागत झालं, आन् धाडकन आवाज आला."

"अस्सं! ऊस रस्त्यावर आला होता का फिरायला?"

शिपाई खुदखुदले. तो मात्र तसाच सांगत राहिला. "आमच्या कॉनव्हॉयमदी दिवसा बी लाइट लावायला लावायचे. धूळ असली, झाडी असली की फुडची गाडी कळत न्हाई. त्याच्या मागं एखादा दिवा असता तर..."

"वा! म्हणजे सायकलवाल्यांनी आता दिवसा दिवे लावून हिंडायचं? उद्या म्हणाल, म्हशींनाही लावा!"

सगळं ठाणं हसलं. माझ्या विनोदावर मीही हसले, तेही सगळ्यांच्या आधी. हसले नाहीत ते फक्त आमचे जुने हवालदार. तळहातावर तंबाखू मळत ते मला बाहेर घेऊन आले.

"बाई, कलम ऐकून रडणारं मी लय बघितलं. ह्यो रडतुया ते भाऊ वाचंल का इचारून."

"नाटक असेल."

"आसंल. पर ३०७ लावली की मानूस वर्सानुवर्सं आत जातुया. लावायच्या आदी एकदा त्याच टायमाला त्याच रस्त्यानं जाऊन बघू. न्हाई म्हनू नका."

मी हो म्हटलं, ते हवालदारांचं चुकतंय हे त्यांना दाखवायला.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर निघालो. ठाण्याची जीप, आमचा ड्रायव्हर, शेजारी मी, मागं दोन पंच. आणि फिर्यादी बाईलाही मी मुद्दाम सोबत घेतलं, माणूस किती स्पष्ट दिसतो ते तिनं स्वतः पाहावं म्हणून. हवालदार कुणाची तरी सायकल घेऊन, कॅरियरवर वाढ्यांचा भारा बांधून पुढं गेले. थोड्या वेळानं आम्ही हळू वेगात मागून निघालो.

रस्ता मावळतीकडे जातो. ऊन सरळ काचेवर येत होतं. दोन्ही कडेला डोक्याच्या वर गेलेला ऊस आणि मधूनमधून रस्त्यावर झुकलेल्या बाभळी. उन्हाचा पट्टा, सावलीचा पट्टा, पुन्हा ऊन. बराच वेळ गेला. मी वैतागले.

"हवालदार राहिले कुठं? बसले असतील चहाला."

ड्रायव्हर काही बोलायच्या आत समोरचा ऊस ओरडला. "आवं, अंगावर घालता का काय!"

ब्रेक करकचून लागला. बॉनेटच्या पुढं, हात लांबवला तर लागेल एवढ्यावर, हिरवा भारा होता. त्याच्या खाली दोन पाय पेडल मारत होते. ते तिथंच होते. सगळा वेळ तिथंच होते.

ड्रायव्हर हळूच म्हणाला, "बाई, गॉगल काढा."

काढला. जीप मागं नेली, पुन्हा तोच खेळ. या वेळी कुठं बघायचं ते ठाऊक होतं. उन्हाच्या पट्ट्यात हवालदार दिसले. सावलीत शिरले, आणि गेले. पाण्यात साखर विरघळावी तसा माणूस विरघळला. हिरव्यात हिरवं मिसळलं, उन्हानं दिपलेल्या डोळ्यांना सावलीतलं काही उरलंच नाही. मी डोळे ताणून, श्वास रोखून बघत होते, आणि समोर फक्त ऊस होता. अंगावर सरसरून काटा आला. भुताखेताच्या गोष्टींनी मला कधी भीती वाटली नाही, पण त्या लख्ख दुपारी वाटली. अंधार माणसाला लपवतो हे लहानपणापासून ऐकलेलं. उजेडही लपवतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मागच्या बाकावरून आवाज आला. फिर्यादी बाईचा, अगदी खालच्या सुरात.

"मला बी न्हाई दिसलं. मला वाटलं, ऊसच हाय."

फौजीचेच शब्द. फौजीनं हे सांगितलं तेव्हा ती दवाखान्यात होती, ते शब्द तिनं ऐकलेले नव्हते.

जीपमध्ये नाकाबंदीची बॅटरी होती, तांबडी काच लावलेली. मला माझाच म्हशींचा विनोद आठवला आणि कान गरम झाले. मी उतरले, ती बॅटरी भाऱ्याच्या मागं सुतळीनं बांधली, पेटवली. हवालदार हसले. "बाई, भर दुपारी आरती!"

"निघा गुपचूप," मी म्हटलं.

तिसऱ्यांदा निघालो. उन्हाच्या पट्ट्यात तो दिवा फिकाच होता, जेमतेम कळत होता. पण बाभळीखाली हवालदार शिरले, आणि त्या हिरव्या काळोखात एक तांबडा ठिपका उमलला. लांबून, अगदी लांबून. पेडलच्या लयीत तो डावीकडं-उजवीकडं डुलत होता. माणूस अजूनही दिसत नव्हता. पण तिथं माणूस आहे, हे दिसत होतं. ड्रायव्हरनं न सांगता वेग कमी केला. फिर्यादी बाईनं देवळात जोडावेत तसे हात जोडले.

"देवाम्होरं रोज लावते. ह्यांच्या सायकलीला कवा लावायचं सुचलं न्हाई बगा."

तिनं पुरवणी जबाब दिला. ३०७ चा विचार मी सोडला. फौजीवर गुन्हा दाखल झाला तो निष्काळजीपणे गाडी चालवून गंभीर दुखापत केल्याचा, कारण ऊन डोळ्यांवर असताना वेग कमी करणं हे त्याचंच काम होतं. त्यानं ते कोर्टात कबूल केलं, शिक्षाही भोगली. पेपरात माझं नाव आलं नाही. जखमी शुद्धीवर आला, पाय थोडा अधू राहिला. त्याला विचारलं, तेव्हा म्हणाला, वाढ्यांची पानं कानाजवळ इतकी सळसळत होती, की मागची जीप ऐकूच आली नाही.

दिवसा सायकलला दिवा हवा का, यावर आता माझी नातवंडंही वाद घालतात. गाडीवाल्यानंच नीट बघावं, म्हणतात. बघावंच, त्यातून त्याची सुटका नाही. पण बघूनही दिसत नाही, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय, गॉगल काढून. म्हणून नात क्लासला निघाली की भर दुपारी तिच्या सायकलचा मागचा दिवा मीच लावते. ती लाजते. मी आणखी दोनदा घंटी वाजवते.

त्या केसनंतरच्या हंगामात बंदोबस्ताला त्याच रस्त्यानं गेले होते. लांबून तांबडा ठिपका दिसला. जवळ गेल्यावर वाढे, त्याखाली दोन पाय, एक जरा अवघडून चालणारा. बांधावर बसलेली पोरं ओरडत होती, "आरं गड्या, दिवसा दिवा? डोळं गेलं काय?"

भाऱ्याआडून उत्तर आलं, "माजं हायत. तुमचं न्हाईत म्हणून लावलाय रं!"

त्याची बायको मागून डोक्यावर भारा घेऊन चालत येत होती. मला बघून थांबली. मी विचारलं, "काय, मिटलं का भावांचं?"

"कुठलं वं! तोंड बगत न्हाईत एकमेकाचं. बांदाची केस चालूच हाय."

"आणि हा दिवा? रोज लावता, सेल संपत नाहीत?"

तिनं पदर तोंडाला लावला. हसत होती का डोळे पुसत होती, ते कळलं नाही.

"संपायच्या आत उंबऱ्यावर नवं सेल आसत्यात. फौजी ठिवून जातोय, तोंड दुसरीकडं करून. आमचं ह्ये बी तोंड दुसरीकडं करून घेत्यात."