गुरुजींवरचं प्रकरण

एवारिस्तोस दिवसभर कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारात फर्मानं लिहायचा आणि उरल्या वेळात इतिहास. होऊन गेलेल्या तीन सम्राटांची चित्रं त्यानं बिनदिक्कत रंगवली होती. मेलेटिओस गुरुजींची शिकवणच तशी होती. माणूस म्हणजे गुणदोषांची मिसळण, एकच बाजू लिहिली की ते खोटं.

आज म्हाताऱ्या, आंधळ्या गुरुजींना तो त्यांच्यावरचंच प्रकरण वाचून दाखवत होता. संतचरित्रांच्या रिवाजाप्रमाणे थोर घराणं, पाळण्यातलं शहाणपण, देवदूतासारखा स्वभाव, सगळं आलं होतं.

"पुरे!" गुरुजी खेकसले. "सम्राटांची लक्तरं वेशीवर टांगलीस, आणि मला मध चाटवतोस? कुठल्या मेलेल्या बिशपचं वर्णन उचललंस, गाढवा?"

एवारिस्तोसचं डोकंच फिरलं. त्यानं लेखणी उचलली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत गेला, "माझं पहिलं पान वाचून गुरुजी सगळ्यांदेखत म्हणाले, यात खारे मासे बांधा. त्यानंतर तीन वर्षं मी लेखणीला शिवलो नाही."

गुरुजींनी चाचपडत त्याचा हात धरला.

"तीन नाही रे, चार. मी मोजत होतो."