उपास आणि उपाशीपोटी

"आणि त्याच्या आधी?"

चष्मा कपाळावर सरकवून आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेडिकलचे काका हा प्रश्न प्रत्येकाला विचारायचे. डोकेदुखीची गोळी मागितली की ते म्हणणार, "काय खाल्लंत?" तुम्ही म्हणणार, चहा. मग चष्मा वर आणि "आणि त्याच्या आधी?" अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, मागे गर्दी वाढत असते आणि ह्यांची चौकशी चालूच. डोंबिवलीत कुणाला वेळ असतो? मला तर काकांचा भयंकर राग यायचा.

मधुमेहवाल्यांवर त्यांचं विशेष लक्ष. वाचता न येणाऱ्यांसाठी ते पाकिटावर बॉलपेननं ताट काढायचे आणि गोळीचा ठिपका ताटाच्या अलीकडे किंवा पलीकडे. खाडीकडून मासळी घेऊन येणाऱ्या एका मावशींनी मध्येच गोळ्या सोडल्या होत्या.

"बरा वाटतंय, मंग गोली कशाला खाव?"

"बरं वाटतंय. आणि त्याच्या आधी काय घेत होतीस?"

"गोली."

"मग झालं तर."

मावशी हसल्या आणि पाकीट कनवटीला खोचून गेल्या.

आईला मधुमेह निघाला तेव्हा मी कॉलेजात होते. वडील कोलशेतला कंपनीत, त्यामुळे दिवसभर आई घरी एकटी. सकाळी एक गोळी, असं वर्षभर सुरळीत चाललं होतं. मग डॉक्टरांनी उपाशीपोटी रक्त तपासून आणायला सांगितलं. रिपोर्टात साखर बरीच वाढलेली. डॉक्टरांनी एकीच्या दोन गोळ्या केल्या आणि आईचा चेहरा उतरला. ती चिठ्ठी घेऊन आम्ही दोघी काकांकडे गेलो.

काकांनी चिठ्ठी वाचली, पण गोळ्या काढल्याच नाहीत.

"काका, माझं लेक्चर आहे. डॉक्टरांनी लिहिलंय ना, द्या की," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"वहिनी, रक्त दिलंत त्या सकाळी काय खाल्लं होतं?"

"काही नाही हो. उपाशीपोटी सांगितलेलं ना, म्हणून मुद्दाम संकष्टीलाच गेले."

चष्मा वर गेला. "आणि त्याच्या आधी? लॅबमध्ये जायच्या आधी?"

"आधी म्हणजे... उपासाचंच. बशीभर साबुदाण्याची खिचडी. आणि एक केळं."

मी खो खो हसले. काका हसले नाहीत. त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, सगळं सांगितलं आणि आईकडे वळले.

"डॉक्टर म्हणतात, परत रक्त द्यायचं. आदल्या रात्रीच्या जेवणानंतर फक्त पाणी. तोवर एकच गोळी. उगाच दोन घेतल्या असत्यात तर साखर भलतीच खाली आली असती. दुपारी घरात चक्कर येऊन पडलात, तर बघायला कोण आहे?"

माझं हसू तिथंच आटलं. दुपारी घरात कोणीच नसायचं.

दुसरा रिपोर्ट चांगला आला आणि आईची एकच गोळी राहिली. काकांनी काउंटरवर स्वतःच्या अक्षरात लिहिलेला कागद चिकटवला: 'उपाशीपोटी म्हणजे उपास नव्हे. खिचडीसुद्धा नाही.' आई तो शेजारणींना दाखवायची. "हे माझ्यामुळे," असं म्हणताना तिला जराही लाज वाटायची नाही. बिल्डिंगमधलं कुणी रक्त द्यायला निघालं की ती जिन्यातच उलटतपासणी घ्यायची.

काही वर्षांनी काकांनी दुकान विकलं. मुलीकडे नाशिकला कायमचे निघाले होते. आम्ही निरोप घ्यायला गेलो, तर फळ्या रिकाम्या आणि काका एकटेच खोकी बांधत बसलेले.

"जेवलात का, भाऊ?" आईनं विचारलं.

"चहा झालाय."

"आणि त्याच्या आधी?"

काकांचा हात सवयीनं चष्म्याकडे गेला आणि तिथंच राहिला. आईनं पिशवीतून डबा काढला. भाकरी आणि मेथीची भाजी. ते काउंटरवर जेवले आणि डबा रिकामा होईपर्यंत ती समोरून हलली नाही. मी तोवर एक खोकं बांधून टाकलं.

जाताना काकांनी तो कागद हलक्या हातानं सोडवून आईला दिला. आमच्या स्वयंपाकघरात, साबुदाण्याच्या डब्यावर तो अजून चिकटवलेला आहे.