चार अंशांवरची शेवटची ओळ

१७ मे २००५, मंगळवार, दुपारी २ वाजून २६ मिनिटे. ही वेळ माझ्या मनगटावरच्या घड्याळाची. समोरच्या संगणकाच्या मते त्या क्षणी १ जानेवारी १९९९ ची पहाट होती, ४ वाजून २ मिनिटे. हा फरक मी आधी कागदावर लिहून ठेवला; बाराशे लिटर दूध टँकरमध्ये जाणार की गटारात, हे त्यावरच ठरणार होते.

शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या एका लहान दूध शीतकरण केंद्रात मी पदवीनंतर तपासनीस म्हणून रुजू झाले होते. नियम असा की टाकी भरल्यापासून तीन तासांत दूध चार अंशांपर्यंत उतरले पाहिजे आणि पुन्हा वर चढता कामा नये. त्या दिवशी टाकी साडेआठला भरली आणि वीसेक मिनिटांतच भारनियमनात वीज गेली. टँकरबरोबर आलेल्या साहेबांनी संगणक दर मिनिटाला टाकीचे तापमान टिपत असे त्या फाइलमध्ये त्या दिवसाची तारीख शोधली. शेवटची ओळ निघाली ८:५२ ची, ९.४ अंश.

"पुढे नोंदच नाही. ओतून टाका," ते म्हणाले.

यंत्र चालवणारे काका दारातूनच बोलले, "लाइट आली तवाच मशीन लावली मी. दूध गार हाय, बघा तरी."

"आत्ता गार आहे हो. साडेअकराला होतं?" साहेबांचे लक्ष पडद्यावरच्या तारखेकडे गेले. "आणि हे काय? बारा महिने नवं वर्षच साजरं करता का इथे?"

"त्याच्यातला सेल मेलाय, साहेब. लाइट गेली का तो परत जल्माला येतो."

काकांनी थट्टेत सांगितले ते अक्षरशः खरे होते. रोज सकाळी मी त्याची तारीख-वेळ हाताने लावत असे, पण वीज जाऊन परतली की संगणक त्याच १ जानेवारीच्या मध्यरात्रीपासून मोजू लागे. त्यामुळे ती तारीख शोधली असती, तर फाइलमधल्या चौदा महिन्यांतल्या शेकडो १ जानेवारींपैकी सर्वांत जुनी प्रथम हाती आली असती. तारखा खोट्या होत्या. ओळींचा क्रम मात्र खरा होता, कारण प्रत्येक नवी ओळ तळाशीच लिहिली जात होती.

दर मिनिटाला फाइल वाढत होती, म्हणून मी तिची प्रत काढली, थेट तळाशी गेले आणि वर वाचत निघाले. मला चार अंशांहून जास्त तापमानाची सर्वांत अलीकडची ओळ हवी होती. तिच्यानंतर दूध एकदाही तापले नाही, हे त्याच एका ओळीने सिद्ध झाले असते. ३.७, ३.७, ३.८. साहेब घड्याळ पाहत होते. एकशे ब्याण्णव ओळी ओलांडल्यावर ती सापडली: ००:५०, ४.१ अंश.

"घड्याळच खोटं, मॅडम. मग हा टाइम खरा कसा?"

"ते मागे आहे, पण चालतं बरोबर. आत्ताचा फरक दहा तास चोवीस मिनिटांचा आहे. तो मिळवला की अकरा वाजून चौदा मिनिटं होतात, म्हणजे साडेअकराच्या आत. आणि त्याच हिशोबाने संगणकाचे शून्य वाजले, म्हणजे वीज आली, दहा चोवीसला. माझ्यावर विश्वास नको, शेजारच्या गिरणीत विचारा."

साहेब स्वतः गेले. गिरणीवाल्या मावशींचा आवाज आमच्यापर्यंत आला: "साडेधाला पाच-सात मिन्टं कमी होती. पीठ अडकलं व्हतं माजं, ध्यानात नाय राहायाचं?"

परत आल्यावर ते खुर्चीत बसले आणि माझा कागद त्यांनी दोनदा तपासला. मग म्हणाले, "ही रीत लिहून द्या. बाकीच्या केंद्रांना पाठवतो."

काका नळी जोडायला केव्हाच गेले होते. जाताना मला एवढेच म्हणाले, "शिकलीस ते कामाला आलं गो, बाय." परीक्षेतल्या कोणत्याही गुणांनी मी इतकी ताठ उभी राहिले नव्हते.

टँकर भरताना मी शेवटचे तापमान घेतले आणि नोंदवहीत लिहिले: ३.६.